झऱ्याला घातलेलं बूच

कात्रजला आमच्या घरामागे, डोंगराच्या पायथ्याशी, एक झरा आहे. झरा म्हटलं की लोकांना थंडगार, नितळ पाणी दिसतं. आमचा झरा जमिनीतून पिवळा चिखल ओकतो. सासऱ्यांना आठवतं तेव्हापासून तो असाच आहे. पूर्वी तो चिखल खालच्या शेतांत पसरायचा. आता शेतांवर इमारती आहेत, त्यामुळे सगळा गाळ थेट ओढ्यात जातो.

ओढ्याच्या काठी आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, लहानपणच्या मित्राचं घर. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. पुढच्या खोलीत गाद्या भरायचा धंदा, मागच्या खोलीत संसार. गाळाने ओढ्याचं पात्र इतकं वर आलं, की गेल्या वर्षी पाणी चाचांच्या उंबऱ्याला लागलं. कापूस भिजला की धंदा बुडाला. त्या काळजीने आबांना जेवण गोड लागेना.

वॉर्ड ऑफिसातून आलेली इंजिनिअर मुलगी म्हणाली, "झरा वाहू द्या. ओढ्याच्या आधी दोन खड्डे करा, गाळ तिथेच खाली बसेल. तो वरचेवर उपसावा मात्र लागेल."

"आन् उपसायचा कुनी? तू येनार हायेस का?" आबा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आबांनी उभ्या जन्मात विहिरी बांधलेल्या, त्यामुळे पाण्यातलं फक्त आपल्यालाच कळतं ही त्यांची खात्री. नवऱ्याने मान डोलावली, त्याला तेवढं छान जमतं. आबांनी झऱ्यावर दगड रचले, सिमेंट ओतलं आणि थापीने गुळगुळीत केलं.

ओढा नितळ झाला. चाचा मुद्दाम काठावर बसून चहा प्यायले. आबांना इतकं खूश मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात चाचांच्या पुढच्या खोलीतल्या फरश्या आपोआप वर उचलल्या गेल्या. फटींतून तोच पिवळा चिखल वर येत होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायचीही सोय नव्हती; मारुती निदान देव तरी असतो. आम्ही धावत गेलो, तर चाचा पाय वर घेऊन खुर्चीत बसलेले, खाली गाद्या भिजून फुगलेल्या.

"ये," ते आबांना म्हणाले. "तुझाच पाव्हना हाय, वळखीचा."

आबा हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी घण उचलला आणि सिमेंट फोडलं. मग खड्डे खणून घेतले, त्या मुलीने दाखवले होते तिथेच. मला राग आला होता, अजूनही येतो. हे सगळं ते आधीही करू शकले असते. फरशीखालचा चिखल हळूहळू थांबला, पण तोवर एक भिंत खचली होती. चाचांचा मुलगा खडकीला असतो, तो त्यांना घेऊन गेला.

आता आबा रोज सकाळी गाळ उपसतात. त्यांना धाप लागते. परवा मी म्हटलं, "आबा, त्या घरात आता आहे कोण? आजच्या दिवस राहू द्या."

"त्यो परत यायचा हाय," आबा म्हणाले. "घर कोरडं नको?"

घर विकल्याचं सांगायला चाचांनी मला आदल्याच दिवशी फोन केला होता. आबांना सांगायची त्यांची छाती झाली नव्हती. मी दुसरं फावडं घेतलं आणि खड्ड्यात उतरले.