लाइन क्लिअर

आमच्या धंद्यात एकच सॉफ्टवेअर दोन ठिकाणी चालतं. एक डेव्हलपमेंट, म्हणजे तालीम. दुसरं प्रॉडक्शन, म्हणजे खरा प्रयोग. कोड तोच, फक्त सेटिंग्जची फाइल वेगळी. मुलुंडच्या आमच्या छोट्या कंपनीत ती फाइल सांभाळणं माझं काम. मी त्या बाबतीत फार कडक होते, आणि त्याचा मला माजही होता.

आमचं गिऱ्हाईक एक पॅथॉलॉजी लॅब. रिपोर्टमध्ये काही गंभीर निघालं की पेशंटला मेसेज जायचा: 'आजच डॉक्टरांना भेटा. मेसेज मिळाल्यास १ पाठवा.' १ आला की पेशंटला कळलं असं धरून लॅब फोन करत नसे. तालमीतले मेसेज भलत्याच माणसाला जाऊ नयेत म्हणून डेव्हलपमेंटच्या फाइलमध्ये मी एकच नंबर टाकला होता, बाबांचा.

बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. उभा जन्म लाइनी तपासण्यात गेला. आई गेल्यापासून त्यांना घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मेसेज आला की ते लगेच १ पाठवायचे, वहीत वेळ लिहायचे, पुढे बरोबरची खूण. संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच सांगायचे, "आजचे सगळे आले. लाइन क्लिअर." मला हसू यायचं, बरंही वाटायचं.

सुरुवातीला त्या मेसेजच्या आधी 'चाचणी' असा शब्द असायचा. तोही फाइलमधल्याच एका ओळीतून यायचा. त्या शब्दाने मेसेज लांबायचा आणि दोन तुकड्यांत पोचायचा. साहेब वैतागले. "दोन्हीकडे सेम दिसू दे ना. नाहीतर टेस्टिंगला अर्थ काय?" त्यांचं बरोबरच होतं. मी ती ओळ उडवली. बाबांना सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच महिन्यात पाय सुजतात म्हणून बाबांनी रक्त दिलं. हट्टाने त्याच लॅबमध्ये. "आपल्या पोरीचं सॉफ्टवेअर आहे तिथं," असं काउंटरवरच्या मुलीलाही सांगून आले. रिपोर्टचं मी दोनदा विचारलं. "काही असतं तर कळवलं असतं त्यांनी," बाबा म्हणाले. मी मान डोलावली. ती कळवण्याची सोय मीच तर केली होती.

तीन आठवड्यांनी ते बाथरूमपाशी पडले. घाटकोपरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तो रिपोर्ट मागवून घेतला. "किडनीचं यात स्पष्ट दिसतंय. गुडघेदुखीसाठी घेतात त्या पेनकिलर गोळ्या तेव्हाच थांबवल्या असत्या तर बरंच वाचलं असतं. कळवलं नाही कुणी?" मी तावातावाने लॅबला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, मेसेज गेलाय. लगेच १ पण आलाय."

घरी येऊन वही उघडली. त्या दिवशी सात मेसेज, सातही खुणा. सहा माझे होते. खरा कुठला, हे वेळ जुळवून बघेपर्यंत मलाही ओळखता आलं नाही. तिथेच जमिनीवर बसून मी रडले.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "तुझी काय चूक यार? फाइल बरोबर होती." फाइल बरोबरच होती. मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मग मेसेजचा मजकूर कापून छोटा केला, 'चाचणी' परत घातलं, बाबांचा नंबर काढला आणि माझा टाकला. हे सगळं करायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी वही मागून घेतली आणि त्या दिवसाच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी वाचायला पाहिजे होतं. नुसता आकडा पाठवत बसलो." मला काही बोलले असते तर परवडलं असतं.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. परवा एक हात मशीनला जोडलेला असताना दुसऱ्या हाताने ते फोन चाळत होते.

"बरेच दिवस काही आलं नाही गं. लाइन बंद केलीस?"

"सध्या टेस्टिंग नाही, बाबा."

"सुरू झालं की माझाच नंबर टाक. आता नीट वाचून पाठवीन."

माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. मग पुन्हा थरथरला. मी पर्स उचलून खाली, त्यांना ऐकू जाणार नाही अशी पायाशी ठेवली.