ड्रमातली जित्राबं

विट्याजवळच्या आमच्या गावात ह्यांचं चिकनचं दुकान. पिसं जायची ओढ्याकाठी आणि वास जायचा गावभर. शेवटी ग्रामपंचायतीनं बजावलं, जत्रेनंतरच्या ग्रामसभेपर्यंत पिसांचा बंदोबस्त करा, नाहीतर दुकानाला कुलूप. आमचं घर त्या दुकानावरच चालतं. हे डोक्याला हात लावून बसले. मी नाही बसले. सांगलीला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्र शिकले ते काय नुसता पदवीचा फोटो काढायला?

पिसं लवकर कुजत नाहीत. पण जिथं ती वर्षानुवर्षं पडतात, तिथल्या मातीत पिसं खाणारे जीवाणू तयार होतातच. ते एक एन्झाइम सोडतात आणि त्यानं पीस विरघळतं. मी ढिगाखालची माती आणली, पिसं उकळून गार केली, सगळं पाण्याच्या ड्रममध्ये घातलं, ड्रम उन्हात ठेवला आणि माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप जोडला. हे म्हणाले, "पिसांचं कालवण करतीस व्हय?" म्हटलं, हसा खुशाल. हळूहळू पिसं लिबलिबीत झाली, पाणी पिवळट झालं. मला तर नाचावंसं वाटलं!

तेवढ्यात जत्रा आली. पाहुणे येणार म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घर-अंगण धुऊन काढलं. ड्रमला वास येतोय म्हणून त्यातही बाटलीभर फिनेल ओतलं. झालं! सगळे जीवाणू मेले. मी अंगणातच ओरडले, "आवं आत्याबाई, दुकानच मारलंत की तुमी!" त्यांचा चेहरा उतरला. "मला काय ठावं, त्यात जीव हाईत?" मटणाच्या पंगती उठेपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रम घासायला घेतला. रडत बसायला वेळ कुणाला होता? वळून बघते तर आत्याबाई ओढ्याकडून येत होत्या. पदर नाकाला, हातात खुरपं, डोक्यावर मातीचं घमेलं.

"पुन्यांदा लाव," एवढंच म्हणाल्या.

महिन्याभरानं, ग्रामसभेच्या दिवशी पंच ड्रम बघायला आले. पिसांच्या जागी नुसतं पातळ पाणी होतं, तळाला थोड्या काड्या. ओढ्याकाठचा ढीगही उपसत आणला होता. "चालू दे दुकान," पंच म्हणाले. मला तिथंच रडू फुटलं. बंद करा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा शेजारी मात्र ड्रमात वाकून म्हणाला, "थोडा वास हायच की. जरा फिनेल टाका."

आत्याबाई ड्रमला आडव्या उभ्या राहिल्या.

"मागं सर रं! माझी जित्राबं हाईत त्यात."