धोंडिरामांचा दीड स्टॉप

घाटकोपरचे धोंडिराम साळवे यांच्याकडे एक फोटो स्टुडिओ आहे आणि तक्रारींची एक जाड फाइल. पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या या गृहस्थांनी सोसायटीच्या तीन सचिवांना आणि पंखे बनवणाऱ्या एका कंपनीला रीतसर पत्रे लिहिली. समाधानकारक उत्तर एकाचेही नाही.

कीर्ती मात्र वेगळ्या कारणाने होती. बौद्ध विवाहात वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात, निम्मे पाहुणेही. इतके पांढरे समोर आले की कॅमेऱ्याचा उजेडमापक बिचकतो, उजेड फार झाला असे समजून फोटो काळपट काढतो. साडी राखेच्या रंगाची होते. चेहऱ्यांविषयी तर बोलूच नये. म्हणून धोंडिराम तीस वर्षे मापकाच्या मतापेक्षा दीड स्टॉप जास्त, म्हणजे जवळजवळ तिप्पट, उजेड घेत आले. साळवेंच्या फोटोत पांढरं पांढरंच राहतं, असे लोक म्हणत.

तेव्हा लेक सपनाचे लग्न ठरल्यावर फोटो कोण काढणार, हा प्रश्न त्यांच्या मते उद्भवतच नव्हता.

"पप्पा, त्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ थांबा ना. फोटोचं स्टुडिओतल्या प्रितमला सांगू."

"प्रितम? राखाडी करून ठेवील तुला."

"मग निदान हा नवा कॅमेरा वापरा. चेहरे ओळखतो, उजेड आपोआप बरोबर घेतो."

"आणि तीस वर्षं मी काय करत होतो?"

"हट्ट," आतून पत्नी राधाबाईंचा आवाज आला.

मुलुंडच्या हॉलमध्ये धोंडिरामांनी नव्या कॅमेऱ्यावर दीड स्टॉप वाढवला, पायात चपला सरकवाव्यात इतक्या सवयीने. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती. काढलेला फोटो लगेच तपासणे हा त्यांच्या मते स्वतःवर दाखवलेला अविश्वास. त्यांनी सहाशे बारा फोटो काढले. अगदी शेवटी एकदा सपनाने हाताला धरून शेजारी उभे केले, तेव्हा कॅमेरा राधाबाईंकडे द्यावा लागला. लेकीने शिकवल्याप्रमाणे त्यांनी वरची चकती सगळे आपोआप ठरवणाऱ्या हिरव्या खुणेवर फिरवली आणि बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी संगणकावर सहाशे बारा फोटोंत साडी, पुष्पहार आणि मागची भिंत एकजीव झाली होती. मधे दोन डोळे आणि एक कुंकवाएवढी ओठांची रेघ तरंगत होती. चेहरे ओळखून लागणारा जादा उजेड कॅमेऱ्याने आधीच घेतला होता. धोंडिरामांचा दीड स्टॉप त्याच्यावर जाऊन बसला होता.

सहाशे तेरावा फोटो राधाबाईंनी काढलेला. त्यात साडीची प्रत्येक निरी मोजता येत होती, आणि धोंडिरामांचा सावळा चेहरा जसा आहे तसा होता.

त्यांनी कॅमेऱ्याच्या कंपनीला पत्र लिहायला घेतले: "आपले यंत्र पांढऱ्या रंगाची काळजी परस्पर घेते, याची कोणतीही पूर्वसूचना ग्राहकास देण्यात आलेली नाही."

राधाबाईंनी स्टुलाच्या आखूड पायाखालून माहितीपुस्तिका काढली आणि त्रेचाळिसावे पान उघडून समोर ठेवले. सूचना ठळक अक्षरांत होती.

चार दिवसांनी सपना माहेरी आली.

"वाट लागली फोटोंची," धोंडिराम म्हणाले. "मीच लावली."

सपनाने सगळे फोटो पाहिले. शेवटच्यावर थांबली.

"प्रितमला सांगितलं असतं, तर तुम्ही सगळ्या फोटोंत असता."

या तक्रारीला त्यांच्याकडेही समाधानकारक उत्तर नव्हते.

कंपनीचे पत्र अर्धवटच फाइलीत गेले. तो एक फोटो मोठा करून स्टुडिओत दर्शनी भागी लावला आहे. कोपऱ्यात नेहमीच्या शिक्क्याऐवजी सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे: छाया – राधा साळवे.

"अहो, मी नुसतं बटण दाबलं," राधाबाई म्हणाल्या.

"तेवढंच करायचं होतं," धोंडिराम म्हणाले, आणि चौकट सरळ केली.