गोठ्यातला बाप

झुलालला मुलगा झाला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि एवढ्या काळात घरात कुणी त्याला ते पोर उचलताना पाहिलं नव्हतं.

यात झुलालचं काही चुकत नव्हतं. रीतच तशी होती. घरात वडीलधारं माणूस असताना तरण्या बापानं स्वतःचं लेकरू कडेवर घ्यायचं म्हणजे निव्वळ निलाजरेपणा. लेकरू आजोबानं खेळवावं, आजीनं न्हाऊ घालावं, शेजारणींनी आळीभर मिरवावं. बापानं आपलं मिशीवरून हात फिरवत, हे कुणाचं पोर बुवा, अशा चेहऱ्यानं बाजूनं निघून जावं. शिवाय झुलालच्या घरातलं वडीलधारं माणूस नुसतं घरात नसे, ते ओट्यावर ठाण मांडून बसलेलं असे. झुलालचे वडील, चिंधा आबा. त्यांच्या नजरेतून शेजारच्या कोंबड्या सुटत नसत, तिथं झुलाल कुठून सुटणार?

गावातल्या झिपरूनं एकदा अमळनेरच्या बाजारात आपल्या पोराला खांद्यावर बसवून फिरवलं होतं. आबांच्या ते दृष्टीस पडलं आणि मग कापसाची वेचणी सुरू होऊन संपली तरी आबांचं सांगणं संपलं नाही. "बाप शे का घोडा शे तो?" असं ते ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. येणारा म्हणे, "घोडाच म्हना, आबा." झुलाल आतल्या दाराशी उभा राहून हे ऐके आणि झिपरूचा मनातल्या मनात हेवा करी.

पण घराच्या मागच्या अंगाला गोठा होता, आणि तिथवर ओट्यावरची नजर पोहोचत नव्हती.

सकाळी झुलालची बायको सुनंदाबाई शेण काढायला गोठ्यात जाई. एका कडेवर पाटी, दुसऱ्या कडेवर लेक सुकदेव. गव्हाणीशेजारी गोणपाट टाकून ती पोराला बसवी आणि ढवळ्या बैलाला सांगे, "ढवळ्या, मी उकिरडावर जाई येस. तोवर याले देखजो."

ढवळ्या कधी उत्तर देत नसे. गव्हाणीमागून उत्तर येई, "देखस."

मग सुनंदाबाई उकिरड्यावर जाई आणि तो उकिरडा जणू धुळ्याला असल्यासारखी वेळ लावून परत येई.

तेवढ्या वेळात झुलाल बाप होऊन घेई. पोराला पोटावर बसवी, ढवळ्याच्या शिंगाला हात लावू देई, कडब्यात लपून भोक् करी. त्याला अंगाईगीत येत नव्हतं. जन्मभर त्यानं बैल हाकले होते, आणि बैलांना हाकताना जिभेनं टाळूवर काढायची टक् टक् एवढीच त्याच्या गळ्यातली कला होती. ती त्यानं पोरापुढं केली. पोर असं खिदळलं की झुलालनं दुसऱ्या दिवशी तीच केली, तिसऱ्या दिवशीही तीच. पुढं पुढं टकटक ऐकली की सुकदेव दोन्ही हात पसरून झेपावू लागला. त्याच्या लेखी बापाचं नाव टकटक होतं.

घोटाळा झाला तो इथंच. घरात झुलाल टोपी घालून, तोंड आवळून, मुक्यानं वावरे. हा कोण माणूस आहे ते सुकदेवला कळत नसे. त्याला पाहिलं की पोर आजीच्या, म्हणजे धुरपदाबाईंच्या पदरात तोंड खुपसून भोकाड पसरी. आबांना त्यात मोठी धन्यता वाटे. "देखा," ते म्हणत, "याले बापसुद्धा वळखू येत नही. माले बरोबर वळखस."

झुलालला जहागिरी नको होती. पोराचं वर्ष भरायच्या आत एकदा, दिवसाउजेडी, पोराला कडेवर घेऊन आपल्याच ओट्यावरून आपल्याच घरात शिरायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि तेवढंच मागायची सोय नव्हती.

वर्ष भरायच्या आत जावळ काढायचं होतं. जावळ धुळ्याला देवीपुढं, पांझरेच्या काठी, आणि तेही मामाच्या मांडीवर. सुनंदाबाईचा भाऊ भाईदास धुळ्यातच एका कापडाच्या दुकानात होता. कोट घाले, साखळीचं घड्याळ बाळगी आणि बोलताना दर चार वाक्यांनी ते बाहेर काढून बघे. गाडी जुंपून मंडळी धुळ्याला निघाली. आबांच्या मांडीवर सुकदेव, मागं धुरपदाबाई आणि सुनंदाबाई, पुढं गाडी हाकायला झुलाल, आणि गावचा न्हावी जीवराम धोकटी सांभाळत मागं पाय सोडून बसलेला. वाटेत एकदा बैल रेंगाळले. झुलालची जीभ टाळूला लागली, पण मागं पोर बसलेलं होतं म्हणून त्यानं ती तशीच दाबली आणि नुसती शेपटी पिरगाळली. बैलांनाही नवल वाटलं असेल.

देवीचं दर्शन झालं. काठावर झाडाखाली गाडी सोडली, बैल गाडीलाच बांधले. बायकांनी गोवऱ्या रचून कणकेच्या बट्ट्या भाजायला टाकल्या, वांग्याच्या भाजीला फोडणी पडली. भाईदासनं कोटावर पंचा पसरला आणि भाच्याला मांडीवर घेतलं. जीवरामनं केसांवर पाणी चोळलं. केस जमिनीवर पडू नयेत म्हणून धुरपदाबाईंनी पदर पसरला.

डावी बाजू सुरळीत उतरली. मग सुकदेवच्या लक्षात आलं की आपल्याला काहीतरी करताहेत.

त्यानं जो सूर लावला तो नदीच्या पलीकडं गेला असावा, कारण तिकडची धुणं धुणारी माणसं उठून बघू लागली. मान अशी हलू लागली की जीवरामनं वस्तरा मागं घेतला. "आते हात लावता येत नही, आबा. रगत येई."

जावळात रक्त म्हणजे अपशकुन. आणि अर्धं डोकं तसंच ठेवणं त्याहून वाईट. धुरपदाबाईंनी गुळाचा खडा दिला, पोरानं थुंकला. भाईदासनं घड्याळ दिलं, पोरानं ते जीवरामच्या पाण्याच्या वाटीत टाकलं. भाईदासचा चेहरा सुकदेवपेक्षा रडवा झाला. आबांनी स्वतः पुढं होऊन काठीचे घुंगरू वाजवले, "मी शे ना रे, तुना आबा शे ना," असं समजावलं. आबांना बरोबर ओळखणारं पोर आबांकडं बघून दुप्पट रडलं.

झुलाल गाडीच्या चाकाशी हात मागं बांधून उभा होता. काय केलं की पोर गप्प होईल हे त्या काठावर आपल्याला आणि बायकोलाच माहीत आहे, अशी त्याची समजूत होती. सुनंदाबाई बट्ट्या उलटत होती. तिनं मान वर केली नाही. पदर पुढं ओढून बैलाकडं बघत ती म्हणाली, "ढवळ्या, तुले ऐकू येत नही का?"

झुलालनं एकदा आबांच्या पाठीकडं पाहिलं. मग जिभेनं टाळूवर टक् टक् केलं.

तिघांनी माना वळवल्या. दोन बैल आणि एक पोर.

सुकदेव रडायचा थांबला. अर्धं डोकं काळं, अर्धं गुळगुळीत, अशा अवतारात तो टकटकीला शोधू लागला. ती कुठं दिसेना तसा ओठ पुन्हा वाकडा झाला. आता मागं उभं राहण्यात अर्थ नव्हता. झुलालनं टोपी काढून गाडीत टाकली, सगळ्यांच्या मधून पुढं आला, पोरासमोर उकिडवा बसला आणि टकटक करत राहिला. पोर हसलं, दोन्ही हात पसरून झेपावलं. भाईदासनं त्याला कमरेला घट्ट धरलं, जीवरामनं संधी साधली.

"दाजी, थांबू नका," भाईदास म्हणाला, "नाहीतर हा न्हावी माझा कान कापेल."

झुलाल थांबला नाही. तिकडं ढवळ्याही थांबला नाही. आपल्यालाच निघायला सांगताहेत असं समजून त्यानं गाडी हातभर ओढून आणली.

"हाई टकटक गोठामातली शे," जीवराम वस्तरा पुसत म्हणाला.

"रोजनी शे," धुरपदाबाई पदर गोळा करत म्हणाल्या.

आबांनी बायकोकडं पाहिलं. "तुले मालूम व्हतं?"

"बठ्ठास्ले मालूम व्हतं," धुरपदाबाईंनी सगळ्यांवरून हात फिरवला.

"मंग माले काब्रं नही सांगं?"

"तुम्हले सांगीसन तुम्ही काय करतात? वट्टावर बसीसन झिपरूनं सोडी यानं चालू करतात."

आबांनी काठी उचलली आणि ते जेवायला जाऊन बसले. झुलालनं बैलांना पाणी पाजायच्या निमित्तानं मंडळी उठेपर्यंत पंगतीकडं फिरकायचं टाळलं. परतीच्या वाटेवर पोर आबांच्या मांडीवर बसून आपल्या नव्या डोक्यावरून हात फिरवत होतं, आणि आबा समोर झुलालच्या पाठीकडं बघत होते. त्या पाठीला ते चांगलं जाणवत होतं.

उन्हं कलता कलता गाडी दारात लागली. ओट्यावर शेजारचे दोघेतिघे आबांची वाट बघत बसलेलेच होते. झुलाल खाली उतरून बैल सोडायला वळला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "बैलं मी सोडस. धर याले."

झुलालला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बैल सोडायचं काम आबांनी झुलालला मिसरूड फुटल्यापासून केलं नव्हतं. पण पोर समोर धरलेलं होतं. त्यानं ते घेतलं. आबांनी धोतर झटकलं, ओट्यावरच्या मंडळींना "काय देखतस? जावळ व्हयनं पोऱ्यानं," एवढं ऐकवलं आणि जू उतरवून बैलांना घराच्या मागं नेऊ लागले.

झुलाल ओट्यावर चढला. तीन पावलांचा ओटा, पण त्यानं तो असा ओलांडला की शेजाऱ्यांना पोराचं डोकं चहूबाजूंनी बघून झालं. दारात सुनंदाबाई हातात भाकरीचा तुकडा घेऊन पोरावरून ओवाळायला उभी होती. तिनं आज बैलाला काही सांगितलं नाही.

तेवढ्यात मागून, गोठ्याकडून, बैलांना आत घालणाऱ्या आबांची जुनी, जाड टक् टक् ऐकू आली.

सुकदेवनं ताडकन मान वळवली आणि बापाच्या कडेवरून गोठ्याच्या दिशेनं दोन्ही हात पसरून झेप घेतली.

झुलालनं त्याला छातीशी घट्ट धरलं. "तो तुना आजा शे रे," तो म्हणाला. "बाप आठे शे."