नेटजवळच्या दोघी

व्हॉलीबॉल मी पहिल्यांदा खेळले ती परकर खोचून, अनवाणी, वडशाच्या आमच्या शाळेमागच्या मोकळ्या जागेत. दोन्ही बाजूंना बांबू रोवलेले, आणि मध्ये ताणलेली जाळी वैनगंगेवरच्या एका ढिवरानं विणून दिलेली. तिची भोकं मासे धरायच्या हिशेबानं बारीक होती. पलीकडच्या मुली त्यातून धुक्यात उभ्या असल्यासारख्या दिसायच्या.

त्या वर्षी आमच्या शाळेत कवायतीच्या नव्या बाई आल्या होत्या. अमरावतीला शिकलेल्या, तिशीच्या आतबाहेरच्या, एकट्या राहणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या. बाजारातून त्यांची सायकल निघाली की तांदळाचे दलाल बोलायचे थांबत. बाईंना ते दिसत नसे, किंवा दिसूनही त्या तिकडे पाहत नसत. आल्या आल्या त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं, हात डोक्यावर घ्यायला लावले आणि दोन्ही हातांच्या बोटांची खिडकी करायला सांगितली. त्या खिडकीतून आभाळ पाहायचं. चेंडू येईल तो याच खिडकीत. दहा बोटांनी घ्यायचा, दहा बोटांनी सोडायचा, तळवा लागू द्यायचा नाही.

तळवा लागला की वेगळा आवाज येतो. बाई आमच्याकडे पाठ करून दुसऱ्या मुलींना शिकवत असायच्या आणि तिथूनच म्हणायच्या, "तळवा लागला." कुणाचा, ते सांगायची गरज नसे. जिचा लागला तिला कळायचं.

घरी माझ्या बोटांवरून कुरबूर सुरू झाली. चेंडू कातड्याचा, वादीनं शिवलेला, आणि दवात भिजला की जड व्हायचा. माझी मधली बोटं सुजायची. आई म्हणायची, "या बोटांनं वरवंटा कसा धरशीन? लगीन झाल्यावर सासू काय म्हणन?" बाबा स्टेशनवर मालबाबू होते. ते जेवताना एकदाच बोलले, "शाळंतच त खेळून राह्यली, दुसरीकडं कुठी जाऊन राह्यली का?" तेवढ्यावर तो विषय मिटला. आई रात्री हळद-तेल गरम करून बोटांना लावायची, पण माझ्याशी न बोलता.

माझी उंची वर्गात सगळ्यात कमी. मारायच्या कामाची मी नव्हते. बाईंनी मला नेटजवळ उभं केलं आणि लिफ्टर केलं. मागची मुलगी चेंडू अडवून देते, मारणारी उडी घेऊन मारते; या दोघींच्या मध्ये जी चेंडू उचलून देते ती लिफ्टर. लोक पहिलीला पाहतात, तिसरीला पाहतात. मधलीकडे कुणाचं लक्ष नसतं. मला ते सुरुवातीला खुपलं होतं.

मारणारी होती आमच्याच वर्गातली, कुरखेड्याच्या बाजूच्या एका जंगलातल्या गावची गोंडाची मुलगी. बाहेरगावच्या मुलींसाठी वडशात एक लहानसं वसतिगृह होतं, तिथं ती राहायची. उंच, सडसडीत, आणि फार थोडं बोलणारी. आमच्या बोलीत ती बोलायची, पण रागावली की एखादा शब्द गोंडीत यायचा आणि मग ती गप्प व्हायची. उडी मात्र अशी घ्यायची की बाईसुद्धा पहिल्या दिवशी शिट्टी वाजवायला विसरल्या. इतर मुली धावत येऊन उडतात. ती दोन पावलांत, जागच्या जागी, जरा उशिरानं उडायची आणि वर क्षणभर थांबल्यासारखी वाटायची.

माझं तिचं जमेना. बाईंनी शिकवलं होतं तसा मी चेंडू उंच आणि नेटला लागून द्यायची. ती उडायची तोवर चेंडू खाली आलेला असायचा. चारपाच वेळा हात हवेत फिरवून ती खाली बसली.

"काऊन वं, काय झालं?" मी विचारलं.

"मले तो तिथी नको," ती म्हणाली. "थोडा मागं दे. आन् एवढा वर नको फेकू. मी येतो न."

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय पाहतेस? मारणार ती आहे. तिला विचार."

त्या दिवसापासून शाळा भरण्याआधी आम्ही दोघी मैदानावर यायला लागलो. त्याआधी मी स्टेशनापलीकडच्या राइस मिलपाशी जायची. तिची भिंत लांबलचक होती. तिच्यावर बाईंनी कोळशानं एक गोल काढून दिला, आणि मी त्या गोलात चेंडू टाकत राहायची. भुशाचा धूर अंगावर यायचा, केसांत कोंडा बसायचा. मग मैदानावर ती यायची आणि आम्ही नेटजवळ उभ्या राहायचो. महिना-दीड महिन्यात असं झालं की तिच्याकडे न पाहता मला ती कुठं आहे ते कळू लागलं. तिच्या पायाचा आवाज यायचा. तो आला की चेंडू सोडायचा, जरा मागं, हातभर वर. बाकी तिचं.

पुढे निरोप आला की उन्हाळ्यात चांद्याला जिल्ह्यातल्या मुलींचं शिबिर भरणार आहे. त्यातून जिल्ह्याचा संघ निवडायचा आणि नागपूरला सामन्यांना पाठवायचा. तेव्हा नागपूर आमची राजधानी होती, आणि मी ते पाहिलेलं नव्हतं. बाईंनी ठरवलं की परीक्षा संपताच आपलं स्वतःचं शिबिर घ्यायचं, चांद्याच्या आधी. त्या वर्षी परीक्षा लवकर आटोपल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या मैदानावर हजर, आणि ती नाही. वसतिगृहातून कळलं, ती गावी गेली. मोहफुलं पडायला लागली होती.

बाईंनी एक दिवस वाट पाहिली. मग बैलगाडी सांगितली आणि मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. माझं तिच्या घरचे ऐकणार नाहीत. तू मैत्रीण आहेस."

उन्हातून, सागाच्या वाळल्या पानांवरून गाडी करकरत गेली. गावात पोचलो तेव्हा तिची आई अंगणात फुलं पसरत होती. सगळं अंगण पिवळसर, आणि सगळीकडं तो गोड, डोकं जड करणारा वास. ती बाजूलाच टोपली घेऊन उभी होती. आम्हाला पाहून तिला आनंद झाला की संकोच वाटला, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. तिनं आधी पाणी आणून दिलं.

बाईंनी शिबिराचं सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. नाही असं ती म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "बाई, पोरगी तिकडं नेता, तं मोवा कोन येचन? झाडाखाली फूल पडलं का ते थांबत नाई. ढोरं खातेत, हरनं खातेत."

बाईंनी त्या अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आम्ही वेचू."

"तुम्ही?"

"मी आणि माझ्या सगळ्या मुली. शिबिर इथंच घेऊ. सकाळी मोह वेचू, ऊन उतरलं की खेळू. चालेल?"

तिच्या आईनं मुलीकडे पाहिलं आणि गोंडीत काहीतरी विचारलं. मुलगी हसली. मी तिला एवढं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. नंतर मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, आई म्हणत होती, या बाईले येचता येते का?

येत नव्हतं. आम्हाला कुणालाच येत नव्हतं. पण दोन दिवसांत आमची सगळी मंडळी बांबू, जाळी, चेंडू, तांदूळ-डाळ गाडीत घालून त्या गावात येऊन राहिली. मुलींच्या घरच्यांना बाईंनी काय सांगून पटवलं ते मला माहीत नाही. माझ्या आईला एवढंच सांगितलं, की मी जिथं झोपेन तिथंच ही झोपेल.

फटफटलं की आम्ही झाडांखाली असायचो. फुलं टपटप पडतच असायची, आपल्या डोक्यावरही. ओणवं चालत, एकेक उचलत जायचं. तासाभरात कंबर मोडायची. एका मुलीनं बाईंना विचारलं, "बाई, यानं खेळ सुधरते का?" बाईंनी सरळ सांगितलं, "नाही गं. यानं यांचं घर चालतं. वेच."

संध्याकाळी गावाच्या खळ्यावर जाळी लागायची. गावकऱ्यांनीच खळं झाडून, शेणानं सारवून दिलं होतं. बाया लेकरं कडेवर घेऊन पाहायला यायच्या. ती उडून मारायची तेव्हा त्या सगळ्या एकदम ओरडायच्या, आणि तिची आई मात्र मान खाली घालून फुलं निवडत बसायची. एकदा मी पाहिलं, ती निवडत नव्हती. हात थांबलेले होते.

इतका चांगला सराव आमचा कधी झाला नव्हता. मला वाटतं, आम्हा दोघींचा खेळ तिथंच पुरा झाला. निघताना तिच्या आईनं बाईंना वाळलेल्या फुलांची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, "आता ने हिले. कुठंबी ने."

छोट्या लाइनच्या गाडीनं आम्ही दोघी बाईंबरोबर चांद्याला गेलो. शिबिर किल्ल्याच्या परकोटाजवळच्या एका शाळेत होतं. नागपूरहून आलेले एक शिक्षक मुली निवडणार होते. गोरे, पांढऱ्या पँटमधले, तोंडानं गोड. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नावं वाचली. तिचं होतं. माझं नव्हतं. ते मला म्हणाले, "हात फार चांगला आहे बेटा. पण नेटवर तू समोरच्यांना अडवणार कशी? उंची पाहिजे." माझ्या जागी चांद्याचीच एक मुलगी घेतली होती, माझ्याहून हातभर उंच.

बाई त्यांच्याशी भांडतील असं मला वाटलं होतं. त्या भांडल्या नाहीत. मला घेऊन विहिरीपाशी गेल्या. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "त्यांचं चुकीचं नाही. मला पटत नाही, पण चुकीचं नाही." मग म्हणाल्या, "तुला उद्या घरी पाठवू शकते. किंवा शिबिर संपेपर्यंत राहा."

"राहून काय करू?"

"त्या नव्या मुलीला तुझ्या मैत्रिणीला चेंडू देता येत नाही. पाहिलंस ना? तुला येतं."

मला बाईंचा इतका राग आला की मी उठून निघून गेले. आपली जागा जिनं घेतली तिला आपणच शिकवायचं, हे मला कळेना. मुलींच्या खोलीत माझी मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती. तिनं जागा करून दिली. म्हणाली, "तू नाई त मी बी नाई जात."

हे वाक्य मला हवं होतं. दिवसभर मी त्याचीच वाट पाहत होते. पण ते ऐकलं आणि मला तिच्या आईचं अंगण आठवलं, ते थांबलेले हात आठवले. मी म्हटलं, "पागल झाली का? माय काय म्हणन?"

सकाळी मी मैदानावर गेले. चांद्याची ती मुलगी वाईट नव्हती. उलट भिडस्त होती, माझ्याशी बोलताना तिची नजर खाली जायची. मी तिला नेटजवळ उभं केलं. सांगितलं, हिच्याकडे पाहू नको, हिचा पाय ऐक. तिला ऐकू येईना. मग मी तिचे डोळे माझ्या ओढणीनं बांधले आणि मैत्रिणीला नुसतंच उडायला लावलं, चेंडूशिवाय. आवाज आला की हात वर कर. शिबिर संपेपर्यंत आम्ही तिघी तेच करत होतो. शेवटी शेवटी चेंडू बरोबर जायला लागला. जरा मागं, हातभर वर. तो जाताना पाहून मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. आपण सांगितलेलं दुसरीच्या हातून घडतंय याचा आनंद होता, आणि ते आपल्या हातून घडत नाही हे खुपतही होतं. दोन्ही एकाच वेळी. नंतर आयुष्यभर मी हेच काम केलं, आणि ते दोन्ही अजून बरोबरच येतात.

नागपूरहून ती परत आली त्या दिवशी मी बाबांबरोबर फलाटावर होते. ती उतरली. पायात नवे कॅनव्हासचे बूट.

"जितले का?" मी विचारलं.

"नाई. शेवटच्या सामन्यात हारलो." मग तिनं बोचकं खाली ठेवलं. "पन वं, ती पोरगी बरोबर देत होती. तुयासारखी नाई. पन बरोबर."

पुढच्या वर्षी बाईंनी लहान मुलींचा सकाळचा सराव माझ्याकडे सोपवला. मॅट्रिक झाल्यावर मीही अमरावतीला शिकायला गेले. मैत्रिणीला नागपूरला राहून खेळायला बोलावणं आलं होतं. ती वर्षभर राहिली, खेळली, मग ग्रामसेविका झाली आणि आपल्याच भागात परतली. बाईंची बदली भंडाऱ्याकडे झाली. निघताना त्यांनी सायकल शाळेला देऊन टाकली, कारण तिकडे म्हणे बस चालायची.

मी शिकवायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी गडचिरोलीला आमची दोघींची भेट झाली. दोघींचेही गुडघे कुरकुरत होते. शाळेच्या मैदानावर मुली खेळत होत्या, आणि आम्ही कडेला उभ्या राहून पाहत होतो. एक बुटकी मुलगी नेटजवळ होती. तिनं चेंडू उचलला तेव्हा मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं.

"तळवा लागून राह्यला तिचा," ती म्हणाली. "जा न, सांग."

मी चपला काढल्या आणि मैदानात गेले.