पेढे कशाचे?

माझा भाऊ गर्दुल्ला होता. हे वाक्य आमच्या घरात चौदा वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. 'तब्येत बरी नसते', 'संगत वाईट लागली', 'सध्या नाशिकला असतो' ही आमची वाक्यं. दादा नाशिकला कधीच गेला नाही. तो शेलारच्या रस्त्याला, मोरीखाली, चांदीच्या कागदावर तोंड खुपसून बसलेला असायचा आणि आख्ख्या भिवंडीला ते माहीत होतं. पण आमची आळी सुसंस्कृत. कोणी भेटलं की विचारायचं, "नाशिकला बरा आहे ना?"

ऐंशीच्या दशकात गर्द गावात आला तेव्हा दादा नारपोलीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब ठेवायला लागला होता. लूमचा खडखडाट, दोन शिफ्टमधला मोकळा वेळ आणि 'एक बार ले के तो देख' म्हणणारे मित्र, एवढं त्याला पुरलं. मग घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून अदृश्य झाली. शेवटी बाबांची सायकल गेली. बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि त्या सायकलवर त्यांचा फार जीव. दुसऱ्या दिवसापासून ते शाळेत चालत जाऊ लागले आणि त्या दिवसापासून त्यांनी दादाचं नाव घेतलं नाही. त्याच्याशी बोलणंही बंद. म्हणजे बोलायचे, पण माझ्या मार्फत. दादा दोन हातांच्या अंतरावर बसलेला असला तरी बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "त्याला सांग, आंघोळीचं पाणी काढलंय." मग मी म्हणायची, "दादा, आंघोळीचं पाणी काढलंय." लग्न न होता घरात राहिलेल्या मुलीला काहीतरी काम हवंच, तसं मला हे होतं.

उपाय सगळे झाले. दोनदा मुंबईच्या इस्पितळात ठेवला, दोन्ही वेळा जाडा होऊन आला आणि पुन्हा वाळला. एका बुवाने ताईत दिला, तो दादाने विकला. मग आईला कुणीतरी सांगितलं की अकलोलीच्या गरम कुंडात बसवलं की अंगातलं सगळं विष घामावाटे निघून जातं. आईने त्याला नेलं. बिचाऱ्याला चांगला तास दीडतास कढत पाण्यात बसवला, सोललेल्या कोळंबीसारखा लाल होऊन बाहेर आला. परतीच्या एसटीत तिकीट काढेपर्यंत आईच्या शेजारी होता. गाडी सुटली तेव्हा नव्हता.

नव्वदचं दशक सरता सरता मी एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. क्लास सुताच्या दुकानाच्या वर होता आणि त्यात एकाच मशीनला इंटरनेट. मालक एका लूमवाल्याचा मुलगा, मनाने दिलदार. एकदा काही काम नव्हतं म्हणून मी गर्द सोडण्याबद्दल शोधत बसले आणि एक गट सापडला. जगभरचे गर्दुल्ले, दारुडे, गोळ्या खाणारे ठरल्या वेळी कंप्युटरवर जमायचे आणि एकमेकांशी टाइप करून बोलायचे. त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ. मालकाला विचारलं, क्लास उघडायच्या आधी बसू का. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा भाऊ तो आपला भाऊ. बिंदास बसा. फक्त फोन बिझी राहिला तर अब्बा चिल्लावतील, त्यांना मी बघतो."

दादाला तिथे नेणं सोपं नव्हतं. तो माझ्यावर ओरडला, मी त्याच्यावर दुप्पट ओरडले. शेवटी तो आला ते माझं तोंड बंद व्हावं म्हणून. मोडेमने कुईकुई केलं, पडद्यावर अक्षरं सरकायला लागली आणि मी गटाचे नियम वाचून दाखवले. बोलायच्या आधी आपलं नाव सांगायचं आणि आपण व्यसनी आहोत हे सांगायचं. मग सगळे तुमचं नाव घेऊन तुम्हाला नमस्कार म्हणतात. मग तुम्ही काय ते बोला. संपलं की 'धन्यवाद, एवढंच' म्हणा. कुणी मध्ये बोलायचं नाही, कुणी सल्ला द्यायचा नाही.

"सल्ला द्यायचा नाही?" दादा म्हणाला. "मग ही माणसं करतात काय?"

ती माणसं ऐकत होती. दादा मराठीत बोलायचा, मी इंग्रजीत टाइप करायची. पहिल्या दिवशी त्याने नाव सांगितलं आणि पुढचं वाक्य म्हणायला इतका वेळ लावला की फोनची लाइनच तुटली. पुन्हा जोडली. पुन्हा म्हणाला. आणि पडद्यावर एकाखाली एक, कुठल्या कुठल्या देशातून, त्याच्या नावाने नमस्कार यायला लागले. स्पेलिंग एकालाही धड जमलं नव्हतं. दादा ते बघत राहिला आणि मला म्हणाला, "उद्या पण येऊ."

आठवडाभराने बाबा आले. मला कुणी फसवत तर नाही ना हे बघायला आलो, असं म्हणाले. खुर्चीमागे उभे राहून त्यांनी सगळी सभा वाचली आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "ह्या लोकांना साधं 'यू' लिहिता येत नाही. एक अक्षर काढतात फक्त. ह्यांच्याकडून काय सुधारणार तो?" पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्याही. रोज खुर्चीमागे उभे. एक कुठलीशी आजीबाई होती, ती नातवाच्या गोळ्या चोरायची. एक दिवस ती आली नाही तर बाबांनीच मला विचारलं, "त्या बाई आज कशा नाहीत?"

महिना झाला. दादाने महिनाभर गर्द ओढला नव्हता. गटात नुसता जल्लोष उसळला. मी घरी येऊन आईला सांगितलं, "एक महिना झाला म्हणून सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं." आईने पिशवी उचलली, मिठाईवाल्याकडे गेली आणि आळीत पेढे वाटायला लागली. आनंद झाला की पेढे, एवढंच तिला ठाऊक. दोन घरं झाली. तिसऱ्या घरातल्या काकूंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "कशाचे हो?"

आईने ह्याचा विचारच केला नव्हता. आपल्याकडे पेढे पास झाल्याचे असतात, नोकरीचे असतात, मुलगा झाल्याचे असतात. गर्द न ओढल्याचे पेढे आजवर कुणी वाटलेले नाहीत. आई गडबडली आणि म्हणाली, "त्याचं परदेशातल्या लोकांशी चांगलं जमलंय."

खोटं तरी कसं म्हणणार? संध्याकाळपर्यंत आळीने दादाला नोकरी दिली, रात्रीपर्यंत अमेरिकेचा व्हिसा, आणि मोरी सोयीस्करपणे विसरली. आणि त्याच आठवड्यात काकू निरोप घेऊन आल्या की त्यांच्या नात्यात कल्याणला एक मुलगी आहे, जरा वय झालंय पण गुणी आहे, तिचे मामा-मामी शुक्रवारी मुलगा बघून जातील. मी आईला म्हटलं, नाही सांग. आई म्हणाली, "नाही सांगायला कारण काय सांगू?"

शुक्रवारच नेमका. शुक्रवारी लूम बंद, त्या दिवशी आमच्या भागात लाइट नसायची, म्हणून क्लास बंद आणि सभाही नाही. रोज खडखडणारं गाव त्या दिवशी एकदम गप्प व्हायचं आणि दादाला ती शांतता सोसवायची नाही. त्याचे जुने दोस्तही त्याच दिवशी मोकळे, मोरीखाली बसलेले. महिन्यातले सगळे शुक्रवार त्याने माजघरात पंचा डोक्यावर घेऊन काढले होते. आता त्याच दिवशी त्याच्या समोर दोन परकी माणसं येऊन बसणार, तीही तो अमेरिकेला चाललाय अशा समजुतीने. त्यांच्यापुढे तोंडघशी पडला आणि चपला घालून बाहेर पडला, तर महिना गेला, आणि ह्या खेपेला तो परत येईल असं मला वाटत नव्हतं. मी घाबरले होते. त्याच्या चपला लपवाव्यात असंही मनात आलं.

पाहुणे आले. पोहे दिले. मामा गोल, घामेजलेले, बोलके. पंखा बंद म्हणून वर्तमानपत्राने वारा घेत त्यांनी आधी भिवंडीच्या रस्त्यांना शिव्या घातल्या, मग बाबांना म्हणाले, "अमेरिकेत नक्की कुठे म्हणायचं?" बाबा पोहे चावत राहिले. बत्तीस वेळा चावावं हे ते मुलांना शिकवायचे, पण तो घास शंभर वेळा तरी चावला असेल. आईने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. मामांनी दादाकडे मोर्चा वळवला. "बरं, तुम्ही सांगा की. तुमच्याविषयी काहीतरी सांगा."

आता महिनाभर रोज सकाळी माणसाला कुणी हेच म्हणत असेल तर त्याने काय करावं? दादा ताठ बसला. पडद्यासमोर बसायचा तसाच. त्याने आपलं नाव सांगितलं आणि म्हणाला, "मी गर्दुल्ला आहे. चौदा वर्षं ओढत होतो. महिना झाला, ओढलेला नाही. आज शुक्रवार आहे, आज फार जड जातं. धन्यवाद, एवढंच."

आणि थांबला. गटात ह्यानंतर नमस्कार येतात. तो नमस्काराची वाट बघत होता.

एकही नमस्कार आला नाही. मामांच्या हातातलं वर्तमानपत्र थांबलं. आईने पदर तोंडावर धरला. रोज त्याची वाक्यं टाइप करणारी मी, बशीतले पोहे चिवडत बसले. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू, त्याची नाही, पाहुण्यांची वाटली. दादाला कळलं की आपण काय बोलून बसलो. त्याची नजर हळूहळू दाराकडे गेली. चपला तिथेच होत्या.

बाबांनी बशी खाली ठेवली. हात पंच्याला पुसले. मग हात जोडून, वर्गात हजेरी घेताना घ्यायचे तसं स्वच्छ, त्यांनी दादाचं नाव घेतलं. बारशाला ठेवलेलं, पूर्ण.

"नमस्कार," म्हणाले.

दादाचा चेहरा मला अजून आठवतो. आणि त्यानंतर जे झालं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मामा भांबावले होते. ह्या घरची ही काहीतरी रीत असावी असं त्यांना वाटलं असणार. त्यांनीही वर्तमानपत्र काखेत धरून हात जोडले, दादाचं नाव घेतलं आणि नमस्कार म्हणाले. मग मामींनीही. मग आईने रडत रडत, शेवटी मी. सगळी सभा झाली, फक्त स्पेलिंगच्या चुका नव्हत्या.

स्थळ अर्थातच गेलं. मामा पोहे मात्र पुन्हा मागून घेऊन खाऊन गेले. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून आईशी बोलणं सोडलं, ते आम्हाला सोयीचंच झालं, कारण नाशिकची चौकशी बंद झाली. दादा त्या शुक्रवारी उंबऱ्याबाहेर गेला नाही.

शनिवारी सकाळी लूम पुन्हा सुरू झाले. मी क्लासची किल्ली शोधत होते, दादा जमिनीवर बसून चहा पीत होता. बाबा मागून आले आणि म्हणाले, "आंघोळीचं पाणी काढलंय."

मी सवयीने वळले. "दादा, बाबा म्हणतायत, आंघोळीचं..."

"तू मध्ये बोलू नकोस," बाबा म्हणाले. "मी त्याच्याशी बोलतोय."