सब्रियाबाईंनी निवडलेली वेळ

इराकमधल्या आमच्या अमारा गावातल्या मुलींच्या शाळेत सब्रियाबाई ग्रंथपाल होत्या. बाई अजून शाळेतच आहेत, ग्रंथालय मात्र गेलं. ते कसं गेलं ते आठवलं की मला आजही स्वस्थ बसवत नाही.

ग्रंथालयाची खोली चांगली ऐसपैस, दोन खिडक्यांची, म्हणून सगळ्यांचा तिच्यावर डोळा. मुख्याध्यापिका फख्रियाबाई काही दुष्ट नव्हेत. सकाळी आमच्या मुलींची, दुपारी त्याच इमारतीत मुलग्यांची शाळा भरते, तरी पहिलीचा एक वर्ग व्हरांड्यात बसतो. "पुस्तकं सावलीत आणि पोरी उन्हात, हे मी अल्लाला कोणत्या तोंडाने सांगू?" असं त्या विचारायच्या.

अशात परदेशातली एक संस्था काही शाळांची ग्रंथालयं दत्तक घेणार अशी बातमी आली. कपाटं, नवी पुस्तकं, सगळं तीच देणार. अट एकच. पुस्तकांची यादी संगणकावर कशी ठेवली आहे, मुली फोनवरून पुस्तक कसं मागवतात, हे ग्रंथपालाने ऑनलाइन बैठकीत स्वतः दाखवायचं. फख्रियाबाईंनी शब्द दिला की संस्थेने होकार दिला तर खोली ग्रंथालयाची राहील. नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकं बाहेर आणि बाकं आत.

झालं, बाई शिकायला माझ्याकडे आल्या. मी गणित शिकवते, म्हणजे मला यंत्रं कळतात असा त्यांचा समज. टॅबला बोट लावताना त्या पदराने हात पुसावेत तसे अंगावरच्या अबायाला पुसत. सरावाच्या पहिल्या बैठकीत त्यांनी मला आख्खा वेळ छताचा पंखाच दाखवला, आणि बोलत होत्या अशा की पार उत्तरेतल्या मोसुलला ऐकू जावं. शिक्षकांच्या खोलीत हसून हसून चहा सांडला. फख्रियाबाई म्हणाल्या, "पंखा छान आहे हो, संस्थेला तोच द्या."

पण बाई चिवट. दिवसातून दहादा मला हाका मारायच्या. रुवैदा, हे गोल का फिरतंय? रुवैदा, मी लिहिलेलं गेलं कुठे? खरं सांगते, मी कधीकधी त्यांना पाहून वाट बदलायची. मग हळूहळू हाका कमी झाल्या. यादी पूर्ण झाली. मुलींचा गट तयार झाला, पोरी घरून पुस्तकं मागवू लागल्या. मे महिन्यात बाईंनी मलाच सुनावलं, "तुझ्या जुन्या पद्धतीने तीनदा दाबावं लागतं गं. हे बघ, एकदाच दाबायचं." मी मनात म्हटलं, सुटले.

संस्थेने बाईंना कळवलं की दिवस आणि वेळ तुम्हीच निवडा. बाईंनी आपल्या हाताने उत्तर लिहून पाठवलं, आणि ते कुणालाही सांगितलं नाही. मलाही नाही, आपल्या मुलाला, राफिदलाही नाही. हातून काही चांगलं होणार असलं की आमच्याकडे ते होईपर्यंत कुणी बोलत नाही, नजर लागते. मीसुद्धा बोलले नसते.

वेळही त्यांनी विचार करूनच निवडली होती. बारावीच्या सरकारी परीक्षेचा पहिला दिवस. आमची शाळा परीक्षेचं केंद्र नव्हती, त्यामुळे इमारत रिकामी, गडबड नाही. सकाळी सातची वेळ, म्हणजे ऊन चढायच्या आत. विजेचा काय भरवसा, म्हणून मोहल्ल्याच्या जनरेटरवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं. टॅब चार्ज केला, कपाटं पुसली, नवा हिजाब बांधला.

दुपारी मी दुसऱ्या शाळेतलं पर्यवेक्षण आटोपून घरी आले तर बाई दाराशी उभ्या. टॅब अबायात गुंडाळलेला. चेहरा पाहून मला वाटलं, घरात कुणी गेलं. त्या म्हणाल्या, "रुवैदा, माझ्या हातून काय चुकलं ते बघ ना."

सकाळी ते गोल नुसतं फिरत राहिलं होतं. बाईंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. त्यांनी टॅब बंद केला, चालू केला. मग घाबरून ती बैठकीची सोयच काढून टाकली, पुन्हा नव्याने घालावी म्हणून. ती काही परत येईना. संस्थेची माणसं तिकडे वाट पाहून उठून गेली.

मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, "बाई, तुमचं काही चुकलं नाही. आज परीक्षा होती. पेपर फुटू नये म्हणून सरकार सकाळी आख्ख्या देशाचं नेट बंद ठेवतं."

बाईंनी टॅब मांडीवर पालथा ठेवला. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "दर वर्षी राफिद त्यावरून शिव्या घालतो. पण सकाळी सातला नेटवाचून माझं कधी काय अडलं होतं गं?"

मी त्याच दिवशी संस्थेला सगळं खरं खरं लिहिलं. फख्रियाबाईंनीही लिहिलं, ही त्यांची माणुसकी. उत्तर फार गोड शब्दांत आलं. बाकीच्या ग्रंथपालांनी दुपारच्या वेळा निवडल्या होत्या, त्यांच्या बैठका नीट पार पडल्या, आता जागा उरली नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला. मला रडू आलं, बाईंना आलं नाही, त्याचीच मला भीती वाटली.

सुट्टीत पुस्तकं खोक्यांत भरून जिन्याखाली गेली. खोलीत आता पहिलीच्या पोरी अक्षरं घोकतात, आणि त्यांच्यावर रागावता येत नाही. बाईंना कार्यालयात बसवलंय. संगणकाचं सगळं काम त्यांच्याकडे, हजेरी, निकाल, बदल्या. काम अगदी चोख. नव्या शिक्षिकांना फख्रियाबाई सांगतात, अडलं तर सब्रियाबाईंना विचारा. लोक विचारतात, बाई दाखवतात, आणि पुन्हा खाली मान घालतात.

परवा मी म्हटलं, "बाई, किती तयार झालात तुम्ही. आता मी तुमच्याकडे शिकायला यायला हवं."

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"येत नव्हतं तेव्हा तुला विचारत तरी होते मी," त्या म्हणाल्या.